निळ्यावर निळं

अहो अक्का, नखानं नका खरवडू — नखानं जातं होय ते? नख जाईल, रंग नाही जायचा. वर ओरखडा उठला तर तो बी माझ्याच नावावर. बसा की. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय निखळतो — हो, मीच सैल करून ठेवलाय, पण तो शेजारच्या दयानंदण्णांसाठी, तुमच्यासाठी नाही. ही खुर्ची घ्या. मालक बँकेत गेलेत, बारापर्यंत येतील, तोवर तुमची गाडी आरशासारखी. तुम्ही बसलात तरी चालतंय, घरी गेलात तरी चालतंय, मी पळून जात नाही. बसणार? बघतच बसणार? सरी, बरं. बसा.

ही होय? ही क्ले. चिकणमाती. शाळेत हत्ती करायचो तसलीच, पण जरा कडक. आधी साबणाचं पाणी मारायचं — असं — पुसायचं नाही, ओलंच ठेवायचं. मग वडी चपटी करायची अन् हलक्या हातानं पुढं-मागं, पुढं-मागं. हलक्या म्हंजे किती? म्हशीच्या पाठीवरची माशी उठवायची, म्हशीला कळू द्यायचं नाही, एवढ्या. असं मेस्त्री सांगतो. बघा, वडी निळी झाली. ती रंगाची धूळ. आता दुमडायची, मळायची, नवी बाजू काढायची. अन् खाली पडली तर फेकायची, उचलायची नाही — खडा चिकटला की ती क्ले राहत नाही, पॉलिश पेपर होतो. एकदा माझ्या हातनं पडली, मी चड्डीला पुसून परत घासायला घेतली, मेस्त्रीनं मागनं अशी टपली हाणली की — कोण मेस्त्री? देवाप्पा मेस्त्री. काल तुम्ही ज्याच्यावर ओरडलात तो.

नाही, मी कुठं काय म्हणतोय? ओरडायलाच पायजे. डावा दरवाजा अन् फेंडर ठोकून रंगवायला गाडी दिली, अन् घरी नेऊन बघताय तर बॉनेट खरखरीत — कुणी बी ओरडणार. आमची आई तर चप्पल घेऊन आली असती. काय होतं, गनमधनं रंग सुटतो न्हवं, तो सगळा पत्र्यावर बसत नाही. अर्धा हवेत. धुक्यासारखा. वाटेतच वाळतो अन् जाऊन बसतो कुठंतरी. म्हणून जिथं रंगवायचं तेवढं उघडं ठेवायचं अन् बाकीच्या गाडीला पेपर डकवायचा, टेपनं. कालचे पेपर, परवाचे पेपर. तुमच्या गाडीला बी डकवला होता. नीट डकवला होता. नीटच.

तुमची मराठी गोड हाय हं, अक्का. मधेच ‘स्वल्प थांब’ म्हणता ते बी. आम्ही खानापूरचे, आमची वेगळी. काल तुम्ही मालकांवर कन्नडमधनं सुरू केलंत अन् मेस्त्रीकडं वळताना एकदम मराठीत आलात — त्याला माझ्याशी बोलताना ऐकलं असणार तुम्ही. तिथंच गडबड झाली बघा. तुम्ही कन्नडमधनं झाडला असता तर त्यानं झटकलं असतं, रोजचंच हाय. एकतीस वर्षं इथं यशवंतपुरात हाय तो, हिंदी, तमिळ, कन्नड — सगळ्या भाषेतनं ऐकून घेतलंय. पण मराठीतनं इथं कोण ओरडतंय? घरचंच माणूस ओरडतं. निपाणीकडं त्याची आई ओरडायची, तेवढंच. ते आत गेलं त्याच्या. — असू दे. चुकून बोललो. तुमचं काय चुकलं?

हात द्या बरं. उजवा. गंमत दाखवतो. ही प्लास्टिकची पिशवी — कोथिंबिरीची हाय, स्वच्छ हाय — हातात घाला मोज्यासारखी अन् बॉनेटवरनं फिरवा. नुसत्या हाताला कळत नाही ते पिशवीतनं कळतं. कसं काय, ते मला बी माहीत नाही, मी दहावीला विज्ञानात बावीस. लागलं? रव्यासारखं? हां! अन् आता इकडं फिरवा, मी साफ केलंय तिथं. काच! बघा, हसला तुम्ही. सगळे हसतात. निळ्यावर निळं हाय न्हवं हे, त्यामुळं डोळ्याला लवकर दिसत नाही, उन्हात तिरकं बघितलं तर जरा मळकट वाटतं, पण हात लगेच — पुरे की आता, अक्का. द्या पिशवी. तिकडं नको, तिकडचं राहिलंय माझं. कशाला उगाच साडी ओली करताय?

गोल? कसला गोल? अहो धुकं हाय ते, धुकं काय चौकोनी बसणार? ढग कसा असतो? तसं. — हां, तो दुसरा बी गोल. एकाला एक जोडी. झालं असेल. — डोळे कशाला मिटताय? — तिथं खाली काय नाही. काय नाही म्हणतो न्हवं. हां, लांबडं हाय जरा. हां, टोकं हायत. दोन्ही वर वळलेली, हां. तुम्ही शाळेत शिकवायला होता काय हो? नाही? पोस्टात? तरीच. सही तपासल्यासारखा हात फिरतोय.

तिथनं बोट काढा की. आई असंच बोट ठेवते, मग मला सगळं सांगावं लागतं.

मिशा हायत त्या. दोन डोळे अन् मिशा. घ्या. झालं समाधान?

मालकांना सांगू नका. म्हंजे सांगा — नाही, आधी ऐका. मी वाईट नाही, मी वांड हाय. फरक हाय. गेल्या महिन्यात मालकांच्या स्कूटरच्या हॉर्नची वायर ब्रेकला जोडली. ब्रेक दाबला की हॉर्न. ते बिचारे यशवंतपूर सर्कलला सिग्नलला थांबायला गेले अन् पँऽऽऽ — पुढचा रिक्षावाला मागं वळून शिव्या देतोय, हे घाबरून आणखी ब्रेक दाबतायत, आणखी पँऽऽऽ! तुम्ही हसताय, बघा! ते बी हसले शेवटी. मेस्त्री तर पोट धरून खाली बसला. माझ्या सगळ्या भानगडींना पहिला तोच हसतो. म्हणून तर मी — त्यालाच हसवायचं होतं हो. बाकी काय नाही. सुम्ने. उगाच.

सोमवारी दुपारी. तुमच्या गाडीला पेपर डकवून झाला होता. तो पेपर लावतो ते बघायला पायजे तुम्ही. टेप मारून झाली की अंगठा फिरवतो, सगळ्या कडेनं, पूर्ण गाडीभोवती, देवळाला फेरी मारल्यासारखा. अन् डोळे मिटून. मी एकदा विचारलं, झोपताय काय मेस्त्री? तर म्हणाला, गुंडो, डोळा खुशामत करतो, अंगठा करत नाही. तर अंगठा फिरवला, हात धुतले, अन् डबा घेऊन आत गेला. मी ब्लेड घेतलं. बॉनेटवरच्या पेपरला दोन गोल कापले — पूर्ण नाही, वरनं जोडलेले ठेवले, पापणीसारखे — अन् खाली मिशा. परत मिटवून ठेवलं, जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. पापण्यांना दोरा लावला, दोरा मागनं माझ्या हातात. मेस्त्री गन घेऊन आला की ओढायचा. गाडी डोळे उघडणार! तो दचकणार, आई-बाप काढणार, मी मोबाईलवर घेणार, अन् मग टेप मारून बंद. गन चालू व्हायच्या आधी, हं. तेवढी अक्कल हाय मला. दोन मिनिटांचा खेळ.

अन् मालक म्हणाले, गुंडो, थिनर संपत आलं, उद्याला लागेल, पळ.

पळालो की. आता सांगू काय, मेस्त्री, जरा थांबा, मी गाडीला डोळे केलेत म्हणून? म्हटलं त्याचं जेवण व्हायच्या आत येतो. अन् मार्केटच्या तोंडाला कांद्याचा ट्रक आडवा. पाऊण तास. मी शेडात शिरतोय तर कॉम्प्रेसर घुमतोय, मेस्त्री तोंडाला फडकं बांधून दरवाज्याच्या खालच्या कडेला वाकलेला, बॉनेटकडं पाठ — अन् हवेनं पापण्या वर. टक्क उघडे डोळे, माझ्याकडं बघायलेत. मिशा बी फडफडतायत. खरं सांगू? आधी हसू आलं. इतकं छान दिसत होतं. मग त्याच्या हातातली गन दिसली.

मग काय करायचं? हाक मारायची. मारली नाही. त्याचा रंगाचा हात संपायची वाट बघितली, अन् तो गन ठेवून वळायच्या आत मी पेपर फाडायला सुरुवात केली. टराटरा. म्हटलं, मेस्त्री, तुम्ही बसा, पेपर मी काढतो. तो म्हणाला, शहाणा झालास की रे. अन् बसला. पाणी प्याला. मी सगळा पेपर बोळा करून कांद्याच्या कचऱ्यात नेऊन टाकला, मागं. बॉनेटकडं बघितलं — ट्यूबलाइटखाली काय बी दिसेना. निळ्यावर निळं. म्हटलं, सुटलो. हात फिरवून बघितला असता तर कळलं असतं. पिशवी खिशातच होती. म्हणूनच नाही फिरवला.

अन् काल तुम्ही आलात.

तुम्ही आमच्या शेडात, त्याच ट्यूबलाइटखाली बोट दाखवलंत — हे बघ, हे बघ. मेस्त्री वाकला, इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं, म्हणाला, कुठं हो अक्का? मला तर काय दिसत नाही. खरं हाय, अक्का! कुणालाच दिसत नव्हतं. मालकांना नव्हतं दिसत, ते नुसतं मान हलवत होते. तुम्हाला बी शेडात दिसत नसणार, तुम्ही घरच्या उन्हात बघून आला होता. एकट्या मला माहीत होतं तिथं काय हाय ते. तुम्ही म्हणालात, डोळे आहेत की शर्टाची बटणं?

नाही, चांगलं होतं ते. जोक म्हणून चांगला होता. सगळे हसले, डेंटिंगवाला शिवाप्पा हसला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, आठवतंय? तुम्ही वळून बघितलंत माझ्याकडं. मीच. कुणी चांगलं बोललं की मला हसू येतंच, मी काय करू? मेस्त्रीनं बी बघितलं. रागानं नाही. तो माझ्याबरोबर हसायला गेला — माझ्या सवयीनं — अन् मधेच थांबला. तोंड तसंच अर्धं उघडं.

मालकांनी विचारलं, पेपर कुणी लावला होता? तर म्हणाला, मीच. पोराचा हात लागला नाही. एका दमात. मला वाचवायला म्हणाला काय खरंच तसं वाटलं म्हणून म्हणाला, मला माहीत नाही. मला इथं त्यानंच आणलं, अक्का. दहावीला दोनदा आपटलो, आई म्हणाली जा कुठं बी, तेव्हा हा मालकांना म्हणाला, पोरगा वांड हाय, पण लबाड नाही, माझ्या जबाबदारीवर घ्या. माझ्या जबाबदारीवर. असं कोण म्हणतंय दुसऱ्याच्या पोराला?

थांबा, पाणी मारू दे, वाळायला लागलंय.

काय विचारताय? घासत का नाही मिशा? घासतोय की सकाळपासून. कडेकडेनं घासतोय. काल सगळं पसरलेलं होतं, नुसता मळकटपणा, कुणाला चित्र-बित्र कळायचं नाही. मी आजूबाजूचं साफ करत आलो, करत आलो, अन् बघतोय तर मधलं उठून दिसायला लागलं. मीच उठवलं. आता हे पुसलं की झालं, काय राहत नाही. दहा मिनिटांचं काम. अन् मग देवाप्पा मेस्त्रीला दिसत नाही, एवढंच राहतं सगळ्यांच्या डोक्यात. त्याच्या बी.

त्याच्या बी हो! तेच तर. मला वाटलं होतं, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग विसरेल. तो चिडलाच नाही. तुम्ही गेल्यावर भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. तिथं रंगाच्या दुकानाचं कॅलेंडर हाय, खाली दुकानाचा फोन नंबर. कॉम्प्रेसरपाशी मागं यायचा, एक डोळा झाकायचा, बघायचा. दुसरा झाकायचा, बघायचा. मग मला हाक मारली. गुंडो, तू जवळ उभा राहा रे, मी वाचतो, बरोबर की चूक सांग. अन् वाचायला लागला. नऊ. बरोबर. चार. बरोबर. शून्य. सगळं बरोबर हो, धडाधड, इंग्रजी आकडे. त्याच्या तोंडावर असं बरं वाटायला लागलं होतं. अन् मला भीती वाटली.

कसली? अहो, ह्याचे डोळे चांगले म्हंजे ह्याची चूक नाही. ह्याची नाही तर मग कुणाची? मालक तिथंच बसलेले, चहा पीत, ऐकत. शेवटचा आकडा राहिला होता. तो म्हणाला, आठ.

आठच होता.

मी म्हणालो, तीन, मेस्त्री.

तो म्हणाला, तीन होय? शर्टाच्या टोकानं डोळे पुसले, परत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, हां. तीनच हाय की.

असं बघू नका माझ्याकडं. हे सांगायचं नव्हतं. मिशांपर्यंतच सांगायचं होतं.

मग त्यानं गन थिनरनं धुतली. नोझल काढून, सुई काढून, सगळं सुटं करून धुतली, रोज धुतो तशी नाही, लग्नाला भांडी काढतात तशी. फडक्यात गुंडाळून मालकांच्या टेबलावर ठेवली. म्हणाला, उद्यापासून दुसरा माणूस बघा, नाहीतर मी लोकांच्या गाड्या खराब करायचो. मालकांनी नको म्हटलं नाही. सरी म्हणाले. मी झाडू मारत होतो. तीन वेळा मारला, एकाच जागी.

तुमचं बरोबर हाय, कालच सांगायला पायजे होतं. मालक मला काढतील, काढू देत. त्याला नाही मी भीत. म्हंजे भितो, पण ते नाही. मेस्त्रीला कळेल न्हवं. गाडीला डोळे केले हे ऐकून तो हसेल बी, त्याचं काय सांगता येत नाही. पण ते तीन? ते ऐकून काय करेल? ते कसं सांगायचं, तुम्ही सांगा की. तुम्ही मोठ्या हाय. हसत सांगता येईना अन् न हसता मला सांगताच येत नाही, कधी सांगितलंच नाही काय बी.

तुम्ही काल बोललात त्याचं — जाऊ दे, तुम्ही का डोळे पुसताय? तुम्ही गाडी दाखवायला आला होता. तुमचं बरोबर होतं, खरखरीत होतंच. पिशवी काढा तरी हातातली, ओल्या पिशवीनं पुसताय तोंड.

मी काय म्हणतो, हे असंच ठेवू काय? न घासता? मालक आले की उन्हात दाखवतो, म्हणतो हे बघा, मेस्त्रीचा पेपर असा कापला होता. पण मालकांना दाखवून काय? मालकांनी कुठं वाचलं होतं कॅलेंडर? त्याच्या घरी जायला पायजे. मत्तीकेरेला राहतो, लांब नाही. जेवणाच्या सुट्टीत जातो. नको, संध्याकाळी. संध्याकाळी भागुमामी घरी असते — म्हंजे त्याची बायको, ती मला दर रविवारी जेवायला —

अक्का.

ते गेटात बघा. नाही, वळू नका एकदम. पांढरा शर्ट. तोच. गॅरेजात पांढरा शर्ट घालून कोण येतंय? तुमची माफी मागायला आलाय. मालकांनी सांगितलं असणार तुम्ही आज येणार म्हणून. हातात काय हाय — फुलं काय? अयाई. मोगरा आणलाय तुमच्यासाठी.

अन् मामीचा दंड धरून चाललाय. बघा की! बघा कसा पाय टाकतोय, चाचपत. परवा ह्याच गेटातनं सायकल मारत आला होता, अक्का, खड्डा चुकवून, एका हातात डबा धरून! एक आकडा सांगितला मी. एकच आकडा.

उठा. उठा, आत जा तुम्ही. ऑफिसात पंखा हाय. नाही, तुम्ही नका सांगू, तुम्ही सांगितलं तर तो तुमचंच समाधान करत बसेल, असू दे अक्का म्हणेल, पोर हाय म्हणेल. अन् तुम्ही बघत असलात तर मला हसू येईल. ते हसू नसतं हो, पण येतं. जा म्हणतो न्हवं! मागनं या कितीही ओरडायला, आता जा. दार लावून घ्या.

मेस्त्री! तिकडं कुठं, ऑफिसात कोण नाही. इकडं. फुलं द्या इकडं मामी, अन् हात सोडा त्यांचा. सोडा तुम्ही. पडत नाहीत ते. मेस्त्री, कुणाची माफी मागायची नाही. काय बी बोलू नका, आधी माझं ऐका. हसायलोय काय मी? नाही हसत. तुम्हाला दिसतंय, मेस्त्री. सगळं बरोबर दिसतंय. काल बी दिसत होतं. मीच —